बाणगंगेवर कावळा आला नाही, आणि मी वचन देऊन बसले

नायगावची

आई जाऊन परवा चार महिने झाले. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरात बोलायला गेलं की भाऊ म्हणतो, "ताई, आता पुरे." म्हणून इथे लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरात येणारा पगार थांबला तो थांबलाच. मी तेव्हा दुसरीत होते. आईने खोलीतच खानावळ सुरू केली. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, त्यात दोन्ही वेळा चौदा माणसं पाळीपाळीने जेवून जायची. त्याच वर्षी तिने माळ घातली. आम्ही कोकणातले. जेवायला येणाऱ्यांसाठी ती बांगडे तळायची, पण स्वतःच्या ताटात त्या दिवसापासून मासळी घेतली नाही. पंढरपूरला मात्र तिचं कधी जाणं झालं नाही. चौदा माणसांचं जेवण कोणावर टाकून जाणार? आषाढीला पहाटे चालत वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जायची, रांगेत उभी राहायची आणि नऊच्या आत परत येऊन पोळ्यांना बसायची. "मुंबईकरांची पंढरी हीच," म्हणायची.

मी कसलंच मानत नाही. कॉलेजात असल्यापासून नाही. आईला ते माहीत होतं. त्यावरून आमच्यात कधी भांडण झालं नाही. तिने मला देवाला हात जोड म्हटलं नाही आणि मी तिला उपास सोड म्हटलं नाही.

तिला ॲडमिट केलं तेव्हा अंगावरचं सगळं काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सही घेऊन माझ्या हातात दिलं. ती पिशवी मी घरी आणून कपाटात ठेवली. पुढे सगळं इतकं भराभर झालं की पिशवी डोक्यातून गेली. भोईवाड्याला विद्युतदाहिनीचं दार बंद झालं तेव्हाही आठवलं नाही. आठव्या दिवशी कपाट उघडलं. चष्मा, दातांची कवळी आणि तळाला माळ.

त्रेचाळीस वर्षं गळ्यात होती ती माळ, आणि बाई गेली माळेवाचून. जी गोष्ट मी मानत नाही तिच्यासाठी मी त्या दिवशी जमिनीवर बसून रडले.

दहाव्याला बाणगंगेवर गेलो. भाऊ, मावशी, मी. मावशीने पिंडाशेजारी बटाटेवडा ठेवला आणि कागदी कपात कमी साखरेचा चहा. आमच्या बाजूला एक कुटुंब होतं. त्यांनी पान ठेवून मागे पाऊल टाकलं, तर पाच-सहा कावळे एकदम उतरले. आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भाऊ म्हणाला, "गावचं घर विकणार नाही, आई." मावशी म्हणाली, "ताई, पोरांची काळजी करू नको, मी आहे." चुलत काकांनी आणखी काही सांगितलं. पाऊण तास गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंडाने काही बोलले नाही. पण मनात म्हटलं, "आई, तुझी माळ मी पंढरपूरला नेईन, चंद्रभागेत सोडीन." आणि वर बघितलं. खरंच बघितलं. मान दुखेपर्यंत.

कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, विधी पुरा झाला, आम्ही टॅक्सीने घरी आलो.

देव मी मानत नाही. आई आता कुठे आहे असंही मी मानत नाही. ज्याला साक्षी ठेवायचं तो पक्षीही आला नाही. मग हे वचन मी दिलं कोणाला? आणि दिलंच नाही म्हणावं, तर चार महिने ते मानेवर का बसलंय?

---

तर्कनिष्ठ

ताई, आधी आईंना आदरांजली. फार वाईट वाटलं वाचून.

तुम्ही प्रश्न सरळ विचारलात म्हणून उत्तरही सरळ देतो. वचनाला देणारा लागतो तसा घेणाराही लागतो. घेणाराच नसेल तर ते वचन नाही, ते तुमचं दुःख आहे. चार्वाकांनी विचारलं होतं, श्राद्धात इथे घातलेलं अन्न जर मेलेल्याला पोचतं, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच त्याच्या नावाने जेवायचं. तुकोबांनीही खडसावलंय, की जिवंतपणी भुकेल्याला अन्न नाही आणि मेल्यावर पिंडदान. तुमच्या आईने चौदा माणसांना रोज जेवू घातलं, यापलीकडे तिचं काय राहिलं असणार? माळ जपून ठेवा, पण मानेवर ओझं घेऊ नका.

---

सांजवात

वाचून गलबलून आलं. आमच्या बाबांच्या वेळी असंच झालं होतं. अजून विसरता येत नाही. बाकी सावकाश लिहीन.

---

पक्षीवेडा

मी कावळ्याबद्दलच बोलतो, कारण त्याच्यावर उगीच आळ येतोय.

मुंबईत आपल्याला दिसतात त्यातले बहुतेक गावकावळे, मानेभोवती राखाडी असलेले. भारी सावध पक्षी. नवीन गोष्टीपाशी एकटा कावळा चटकन उतरत नाही. एकाने धीर केला की बाकीचे मागून येतात. बाजूच्या पानावर पाच-सहा जण उतरले होते म्हणता, म्हणजे त्या घटकेला तिथला सगळा थवा तिकडेच गुंतलेला. त्यातून बाणगंगेवरच्या कावळ्यांना भाताचं अप्रूप नाही, रोज मिळतो. शिवाय त्यांना चेहरे लक्षात राहतात. अमेरिकेत सिएटलला मुखवटे घालून कावळे पकडण्याचे प्रयोग झाले. पुढे कित्येक वर्षं तोच मुखवटा दिसला की तिथले कावळे कलकलाट करायचे. तुम्ही सगळे पानाकडे टक लावून बघत होतात ना? टक लावून बघणारा माणूस त्याला नको असतो. आईंच्या इच्छेचा यात काहीही संबंध नाही, एवढं मनातून काढून टाका.

पण एक सांगावंसं वाटतं. बाणगंगा ज्या मलबार हिलच्या पायथ्याशी आहे, त्याच टेकडीवर पारशांची डुंगरवाडी आहे. त्यांचा देह गिधाडांच्या हवाली व्हायचा. अग्नी, पाणी, माती, काहीच विटाळायचं नाही आणि जाताजाता एका जिवाचं पोट भरायचं. १९९० च्या दशकापासून गिधाडं मरायला लागली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. एका अख्ख्या समाजाचा पक्षी यायचाच थांबला. कोणी दखम्यावर, म्हणजे देह ठेवायच्या बुरुजावर, सौर संग्राहक लावले, कोणी दहन स्वीकारलं. २०१५ पासून वरळीच्या स्मशानभूमीत पारशी पद्धतीच्या प्रार्थनेसाठी सभागृह आहे. त्यावरून त्यांच्यात वाद झाले, अजून आहेत. पण पक्षी आला नाही म्हणून त्यांनी गेलेल्या माणसाचा निरोप घेणं सोडलं नाही. तुमचा प्रश्न वाचून मला तेच आठवलं.

---

नायगावची

@पक्षीवेडा, टक लावून बघत होतो हे अगदी खरं. मावशी तर हात जोडून बघत होती. तुमचं वाचून बरं वाटलं. कशामुळे ते सांगता येत नाही. बहुतेक आई रागावली नव्हती म्हणून. बघा, परत तेच. जी नाहीच म्हणते तिच्या रागाची काळजी मला अजून आहे.

@तर्कनिष्ठ, तुमचं पटतं. आठ महिन्यांपूर्वी मीच दुसऱ्या कोणाला हे असंच लिहिलं असतं.

---

दर्भासन

मी पौरोहित्य करतो. बाणगंगेवर माझं वरचेवर जाणं असतं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, दर्भाचा कावळा म्हणजे काहीतरी भागवून नेलं असं समजू नका. ती सोय परंपरेतच आहे. दहा दिवसांचे दहा पिंड, त्यातून गेलेल्याला एकेक अवयव मिळत जातो आणि दहाव्याला तहानभूक भागते, अशी गरुडपुराणातली कल्पना. आता बहुतेक घरी दहाही पिंड एकाच दिवशी होतात. स्मशानातून आणलेला अश्मा, ज्याला आपण जीवखडा म्हणतो, तो त्याच दिवशी विसर्जित होतो. म्हणजे दहाव्याचा अर्थच मुळात 'आता सोडा' असा आहे.

दुसरी गोष्ट पोथीत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. कावळा लगेच आला तर लोक पाच मिनिटांत सामान आवरतात. नाही आला तर बोलायला लागतात. ज्या घरात वर्षानुवर्षं कोणी मनातलं बोललं नाही, तिथे मोठा भाऊ धाकट्यासमोर सांगतो की बाबा, त्याचा हिस्सा मी देईन. एकदा एका सुनेने सासूला सांगितलं, "तुमचं चुकलं होतं, पण मी मनात ठेवणार नाही." कोणीही तिला गप्प केलं नाही. मी अशा वेळी पाण्याकडे बघत उभा राहतो. मंत्र माझे असतात, पण त्या घटकेला मी तिथला नसतो.

ताई, कावळा आला नाही म्हणून तुम्हाला ते वचन सुचायला पाऊण तास मिळाला. माझी श्रद्धा आहे, तेव्हा मी म्हणेन आईंनी ऐकलं. तुमची नाही, तर तुम्ही तसं म्हणू नका. पण तो पाऊण तास वाया गेला असं मला वाटत नाही.

---

तर्कनिष्ठ

@दर्भासन, प्रतिसाद आवडला. तरी विचारतो. हेच सगळं माणूस जिवंत असताना का बोलू नये? सासूला ते तिच्या हयातीत ऐकायला मिळालं असतं तर? आपण मेलेल्याशी प्रामाणिक होतो, कारण तो उलटून बोलत नाही.

---

दर्भासन

बरोबर आहे तुमचं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

निळी पहाट

आमच्याकडे पिंड नाही, कावळा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. माझे आजोबा तिथे होते. ते गेले तेव्हा घरात त्रिसरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पुण्य अर्पण करायला, भंतेजी आले, चाळीतल्या अभ्यासिकेला पुस्तकं दिली.

पण तुमचा प्रश्न आमच्याकडेही येतोच, ताई. आम्ही आत्मा मानत नाही. मग अनुमोदन करायचं ते कोणासाठी? लहानपणी मी हे भंतेजींना विचारलं होतं. ते म्हणाले, "चेतना हेच कर्म, असं बुद्धवचन आहे. तू मनात जे धरलंस, तिथेच कर्म घडलं. ते घ्यायला समोर कोणी बसलेलं लागत नाही." मला तेव्हा ते टाळल्यासारखं वाटलं. आता वाटत नाही. दर ६ डिसेंबरला मी चैत्यभूमीच्या रांगेत असते. शिवाजी पार्कात लोक आदल्या रात्रीपासून मुलाबाळांना घेऊन थांबलेले असतात. बाबासाहेब तिथे बसून आपल्याला बघतायत असं त्या रांगेत कोणी मानत नाही. तरी तिथे मेणबत्ती लावताना माणूस मनाशी काहीतरी ठरवतो, मी शिकेन, मी पोराला शिकवेन. ते ठरवणं खोटं नसतं. माझी आई तसंच ठरवून रात्रशाळेत गेली आणि दहावी झाली.

तुम्ही विचारता वचन कोणाला दिलं. मला वाटतं तुम्ही ते उचललंत. द्यायला दुसरा माणूस लागतो, उचलायला नाही लागत.

---

सांजवात

बाबांचं लिहिते म्हटलं होतं. कावळा शिवेना, तेव्हा मी म्हटलं होतं की धाकट्या आत्याला शेवटपर्यंत मी बघेन. कावळा शिवला नाही तो नाहीच. आत्या अकरा वर्षं आमच्याकडे राहिली. नवऱ्याने एकदा विचारलं, "तुला कोणी धरून बसवलंय का?" मला उत्तर देता आलं नाही. आत्या गेल्या वर्षी गेली. तिच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. एवढंच सांगायचं होतं.

---

परळचा काका

मी शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात तंत्रज्ञ होतो. आलेले देह उतरवून घेणं, फॉर्मॅलिन भरणं, टाकीत ठेवणं, हे माझं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

तर्कनिष्ठ म्हणतात तसं माझंही मत होतं. देव नाही, आत्मा नाही, मेलं की संपलं. रोज डोळ्यांसमोर तेच असायचं. पण देहदानाचं बघा. माणूस हयातीत अर्ज भरतो, दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. १९४९ चा कायदाही आहे. तरी तो गेल्यावर घरच्यांनी नको म्हटलं तर आम्ही देह घेत नसू. अर्ज भरणारा तक्रार करायला यायचा नाही. म्हणजे त्याची इच्छा राहणार की नाही, ते सर्वस्वी मागे राहिलेल्यांवर. आणि तरीही लोक यायचे. रात्री दोनला शववाहिका घेऊन, पावसात, टॅक्सीत रडत मागून. एक मुलगा म्हणाला होता, "मला हे अजिबात मान्य नाही, पण पप्पांना मी हो म्हटलं होतं." त्याने स्ट्रेचरच्या एका बाजूला स्वतः हात लावला.

मग पहिल्या वर्षाची मुलं यायची. पहिल्या दिवशी टेबलाभोवती उभी राहून शपथ घेतात, या देहाचा मान ठेवू, याने दिलेलं शिक्षण वाया घालवणार नाही म्हणून. ऐकतंय कोण? टेबलावर फॉर्मॅलिनने घट्ट झालेला देह, चेहऱ्यावर ओलं फडकं. पण ती सतरा-अठरा वर्षांची पोरं त्या क्षणी खोटं बोलत नसतात हे मी शपथेवर सांगेन. एका मुलीचा हात टेबलाच्या कडेला लागला तर तिने पटकन "सॉरी" म्हटलं. देहाला. कोणी हसलं नाही.

मृत्युपत्राचंही तेच. कोर्ट मेलेल्या माणसाची इच्छा मानतं. का मानतं? तो तर नाही. उद्या आपण नसू तेव्हा आपलं म्हणणं कोणीतरी धरून ठेवेल, या भरवशावर आपण जिवंतपणी घर बांधतो, झाडं लावतो, पोरांना वाढवतो. तो भरवसा देव मानणाऱ्याला लागतो आणि न मानणाऱ्यालाही लागतो. ताईंनी ते वचन मोडलं तर कोणालाही कळणार नाही. चार महिने ते मानेवर बसलंय ते मला वाटतं याच कारणाने. दुसऱ्या कोणाला माहीत असतं, तर अर्धा भार त्याने उचलला असता.

---

तर्कनिष्ठ

काका, मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही. मेलेला ऐकत नाही, हे माझं मत कायम आहे. पण 'घेणारा नसेल तर ते वचन नाही' हे वाक्य मी घाईत लिहिलं. त्या मुलाचं 'मी हो म्हटलं होतं' वाचल्यावर ते टिकत नाही.

---

नायगावची

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. काकांच्या प्रतिसादानंतर ठरवलं, निदान एका माणसाला सांगायचं. काल मावशीकडे गेले आणि मनातल्या मनात दिलेलं वचन तिला सांगून टाकलं.

मावशी शेंगा सोलत होती. ऐकून थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "ताईला पंढरपूरला जायचंच नव्हतं गं. मी दोनदा चल म्हटलं होतं, खानावळ बंद झाल्यावर. म्हणाली, तिथे गर्दीत एक क्षण पायाला हात लागतो न लागतो तोच पुढे ढकलतात. वडाळ्याला दुपारी कोणी नसतं, बसून बोलता येतं."

मला हे माहीतच नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होते की आमच्यासाठी तिने पंढरी सोडली. ती दुपारची वडाळ्याला जाते हेही मला ठाऊक नव्हतं. काय बोलत असेल?

म्हणजे जे वचन मी तिच्यासाठी दिलं, ते तिचं मागणंच नव्हतं. मग सुटले का मी? मावशीला तेच विचारलं. ती म्हणाली, "ते तुझं तू बघ, मी शेंगा सोलते."

घरी येऊन माळ बाहेर काढली. हातात घेतल्याबरोबर दोरा तुटला. कुजलाच होता, घामाने, खानावळीच्या धुराने. मणी लादीवर सगळीकडे गेले. मी आणि लेकीने कपाटाखालून, दाराच्या फटीतून, तिने तर फ्रिज सरकवून गोळा केले. मोजले, १०६ भरले. मेरुमणी सापडला. दोन गेले. मणी एका बाजूने काळेभोर गुळगुळीत झालेत, मानेला लागणाऱ्या बाजूने.

चंद्रभागेत सोडायची इच्छा आता राहिली नाही. पण जायचं आहे. आषाढीला नाही, गर्दी नसेल तेव्हा. माळ परत ओवून मिळते का कुठे? मी घालीन की नाही ते आत्ता सांगता येत नाही. पण अशी सुटी ठेवायला नको वाटतं.

---

तुळशीवृंदावन

ताई, मी माळकरी आहे, म्हणून एवढंच लिहिते. माळ तुटली की ओवून घ्यायची असते. यात अशुभ काही नाही, आमच्या सगळ्यांच्या तुटतात. आणि आई माळेवाचून गेल्या याचं मनाला लावून घेऊ नका. त्रेचाळीस वर्षं त्यांनी मासळी तळून ताटात घेतली नाही, ती माळच होती.

पंढरपुरात काशीकापडी समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या तुळशीच्या माळा करतात. देवळाच्या आसपास विचारलं तर कोणीही दाखवेल. तुमच्यासमोर बसून ओवून देतील, दोन मणी नवे घालून. नवे मणी फिकट दिसतील, त्याला इलाज नाही. दोरा पक्का घ्या म्हणावं आणि गाठ मेरुमण्यापाशीच मारायला सांगा.

मणी डबीत कापूस घालून न्या. आणि एसटीत पिशवी वर ठेवू नका, मांडीवर घ्या.